पोळ्याचें मर्म : एका दिवसाचा सण कीं वर्षाची उपासना?

श्रावण सरत आला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं पोळ्याचे वेध लागतात. पेरणी होऊन गेलेली असते, कोळपण्या उरकत आलेल्या असतात, पीक वाढून आऊत घालण्यास जागा उरत नाहीं, आणि बैलांच्या मानेवरचें जूं कांहीं दिवस खालीं येतें. आठवड्याच्या बाजारांत हिंगूळ, बेगड, गोंडे, घागरमाळा, वेसणी व कासरे यांचीं दुकानें मांडलीं जातात. ज्याच्या हातांत पैसा आहे तो नवी झूल घेतो, ज्याच्या हातांत नाहीं तो निदान शिंगांपुरता रंग घेतो. पण रिकाम्या हातानें सहसा कोणी परतत नाहीं.

पोळा कसा साजरा करावा हें सांगण्यासाठीं हा लेख नाहीं. तें आमच्या वाचकांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या बैलापुढें आपण अमावास्येस हात जोडतों, त्याच बैलाच्या पाठीवर पुढें चार दिवसांनीं आसूड उठतो. मग त्या दिवशीं हात जोडले ते कोणास? बैलांत देव आहे असें मानून पूजा केली असेल, तर तो देव दुसऱ्या दिवशीं निघून गेला काय? आणि देव नाहीं असें मानून केली असेल, तर ती पूजा कशाची? सण हा वर्षाच्या वागणुकीचा आरसा असतो. त्या आरशांत आपण एकदां नीट पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तिथी व तिचा अर्थ

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इत्यादि भागांत पोळा श्रावणी अमावास्येस होतो. कांहीं गांवीं तो भाद्रपदी अमावास्येस करितात. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस हाच सण बेंदूर या नांवानें आषाढांत येतो, आणि कर्नाटकाच्या सीमेलगत ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर होतो. तिथी निरनिराळ्या असल्या तरी सूत्र एकच आहे. कोठें पेरणीच्या तोंडाशीं, कोठें ती उरकल्यावर, तर कोठें कोळपण्या संपल्यावर, म्हणजे त्या त्या भागांतील पाऊसमान व शेतकाम पाहून जनावराच्या विसाव्याचा व सन्मानाचा दिवस पूर्वजांनीं नेमिला. हा सण पंचांगांत दिसत असला तरी त्याचें मूळ शेताच्या बांधावर आहे.

श्रावणी अमावास्येस पिठोरी अमावास्याहि म्हणतात. त्या दिवशीं आया चौसष्ट योगिनींची पूजा करून मुलांस आयुष्य मागतात. पूजा झाल्यावर आई नैवेद्याचें वाण डोक्यावर धरून, मागें न पाहतां, ‘अतित कोण?’ असें विचारते आणि मागें उभें असलेलें मूल आपलें नांव सांगून तें वाण घेतें. घरांत आई आपल्या लेंकरास अतिथि म्हणून पुकारते, आणि त्याच दिवशीं अंगणांत धनी आपल्या बैलास अतिथि म्हणून पाटावर धान्य मांडून बोलावितो. हा योग नुसता पंचांगाचा असो वा नसो, शेतकऱ्याच्या घरांत बैलाची गणना कोठें होते तें त्यावरून कळतें. मालमत्तेच्या यादींत तो गुराढोरांत लिहिला जातो; सणाच्या दिवशीं तो लेंकरांच्या पंक्तीस बसतो.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी असते. बैलाचा खांदा कोमट पाण्यानें शेकून, हळद व तूप किंवा तेल लावून चोळितात आणि उद्यां जेवावयास यावें असें आवतण त्याच्या कानांत देतात. सणाच्या सर्व विधींत आम्हांस हा विधि अधिक मोलाचा वाटतो. देवाची पूजा करितांना आपण चरणांपासून आरंभ करितों. गुरूच्याहि पायांवरच मस्तक ठेवितों. बैलाच्या पूजेस मात्र आरंभ खांद्यापासून कां? कारण उघड आहे. वर्षभर आपण त्यास जेथें भार दिला, जेथें त्याचें कातडें घासलें, जेथें घट्टे पडले, तेथेंच प्रथम हात ठेवावयाचा आहे. जेथें आपल्या हातून दुखलें तेथून ही पूजा सुरू होते. क्षमा मागण्याचा याहून सरळ मार्ग कोणत्या शास्त्रांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें प्रस्तुत लेखकास स्वतःचा एक दोष सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं कोळपणीची घाई होती. पाऊस उघडला कीं वाफसा, आणि वाफसा आला कीं आऊत, अशी धांदल चालली होती. एका बैलाचा खांदा हुळहुळा झाल्याचें गड्यानें सांगितलें. ‘दोन दिवस निभावून ने, पोळ्याला विसावा मिळणारच आहे,’ असें उत्तर आम्हीं दिलें. दोन दिवसांचे आठ झाले. खांदेमळणीच्या सायंकाळीं आम्हीं कामाच्या गडबडींत बोटभर हळद लावून मोकळे झालों. दुसऱ्या दिवशीं शिंगें रंगविलीं, झूल घातली, गळ्यांत माळा घातल्या, आणि वेशींत लोकांनीं आमच्या जोडीची वाखाणणी केली. रात्रीं माळा उतरवितांना हात मानेवर गेला तों बैल अंग चोरून मागें सरला. हळद पुसून पाहिली, तों खालीं रुपयाएवढी जखम होती व तींत पू धरला होता. ज्या ठिकाणीं हळद लाविली तेथेंच आम्हीं पाहिलें नव्हतें. त्या रात्रीं पुरणपोळी घशाखालीं उतरली नाहीं. गडी कांहीं बोलला नाहीं. त्यानें पाणी ऊन करून आणिलें एवढेंच. तो बैल दीड महिना जुंवास लागला नाहीं.

पुढें विचार केल्यावर कारण कळलें. जोडींतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असल्यामुळें जुंवाचा भार ठेंगण्याच्या मानेवर कलत होता. जुंवाची खालची बाजू झिजून खरबरीत झाली होती. आणि पावसानें भिजलेल्या कातड्यावर तें लांकूड घासत होतें. यांपैकीं एकहि गोष्ट दैवाची नव्हती. सारखी जोड जुंपणें, जूं तासून गुळगुळीत करणें, ओली मान पुसून मग जूं ठेवणें, उन्हाळाभर बसून असलेल्या बैलास पहिल्याच दिवशीं पुरा दिवस न जुंपतां खांदा हळूहळू तयार होऊं देणें, आणि सूज दिसतांच काम थांबवून जनावरांच्या डॉक्टरास दाखविणें, हे उपाय कोणत्याहि शेतकऱ्यास करतां येण्यासारखे आहेत. त्या दिवसापासून आमच्या मतें खांदेमळणी हा तपासणीचा विधि झाला आहे. जी पूजा डोळे मिटून होते तीपेक्षां डोळे उघडे ठेवून केलेली पूजा गोठ्यांत अधिक उपयोगाची असते.

ऋषींचें सांगणें व आजचा कायदा

बैलाविषयींची ही दृष्टि केवळ अडाणी भाविकपणा आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं पराशरस्मृति पाहावी. तिच्या दुसऱ्या अध्यायांत शेतीचा विचार आहे. भुकेल्या, तहानलेल्या वा थकलेल्या बैलास जुंपूं नये. व्यंग असलेल्यास व आजाऱ्यास कामास लावूं नये. धडधाकट व तृप्त बैलाकडूनहि अर्धा दिवसच काम घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे. आठ बैलांचा नांगर तो धर्माचा, सहांचा तो पोट भरणाराचा, चारांचा तो निर्दयाचा, आणि दोहोंचा तो बैल मारणाराचा, अशी प्रतवारीहि तेथें लाविली आहे. दोन बैलांवर शेती करणाऱ्या आपणां बहुतेकांस हें वाक्य टोंचतें, आणि तें टोंचावें म्हणूनच लिहिलें असावें. भूमि नांगरतांना घडणाऱ्या हिंसेचा भार उतरावा म्हणून पिकांतून राजा, देव व ब्राह्मण यांस वांटा देण्यास स्मृतीनें सांगितलें. आजच्या काळीं त्या वांट्यांचे धनी बदलले. परंतु शेतकऱ्याचें उत्पन्न हें दुसऱ्या जिवांच्या कष्टांतून आलेलें असतें व त्याची परतफेड करावयाची असते, हा विचार बदलण्याचें कारण नाहीं.

भागवताच्या पहिल्या स्कंधांत परीक्षिति राजाची कथा आहे. राजवेष घेतलेला कलि एका बैलास व गाईस मारीत असतांना राजानें पाहिला. तो बैल म्हणजे साक्षात् धर्म. तप, शौच, दया व सत्य हे त्याचे चार पाय. पैकीं तीन मोडले असून एका सत्याच्या पायावर तो कसाबसा उभा होता. पुराणकारास धर्माचें रूप कल्पावयाचें होतें तेव्हां त्यानें सिंह निवडला नाहीं, हत्ती निवडला नाहीं. ओझें वाहणारा, मुकाट मार खाणारा बैल निवडला. या निवडीवर शेतकऱ्यानें थोडा विचार करावा. राजवेष घेतला म्हणजे कोणी राजा होत नाहीं. दुबळ्याच्या पाठीवर ज्याची काठी पडते तो कलि, आणि ती काठी जो थांबवितो तो राजा, असा त्या कथेचा आशय आम्हांस दिसतो. प्रत्येक शेताच्या तासावर हे दोघेहि रोज भेटतात.

आणि ज्यांस पुराणें मान्य नाहींत त्यांस कायदा तरी मान्य असावा. सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीं नियम झाले. दिवसांतून एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. मध्यें विसावा न देतां सलग पांच तासांहून अधिक चालवूं नये. जेथें उन्हाचा पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथें दुपारीं बारापासून तीनपर्यंत जुंपूं नये. अणकुचीदार काठी वापरूं नये, असें त्यांत आहे. म्हणजे आपल्या पराणीची आर ही स्मृतीच्याहि विरुद्ध आहे आणि कायद्याच्याहि. ऋषींचा अर्धा दिवस व कायद्याचे नऊ तास यांत अंतर असलें तरी दिशा एकच आहे. धर्मानें सांगितलेलें आपण विसरलों, म्हणून तें कायद्यास सांगावें लागलें.

वेशींतला मान

पोळ्याच्या सायंकाळीं वेशींत आंब्याच्या पानांचें तोरण बांधितात, जोड्या ओळीनें उभ्या राहतात, वाजंत्री वाजतें, विदर्भांत झडत्यांचा रंग भरतो, आणि मानाचा बैल पुढें होऊन तोरण तुटलें कीं पोळा फुटतो. हा सोहळा पाहून ज्याचें मन भरून येत नाहीं असा शेतकरी विरळा. परंतु मान कोणाचा पहिला, या वादांत किती गांवांत भाऊबंदकी पेटली हेंहि आपण जाणतों. बैलांस मान देण्यासाठीं जमलेलीं माणसें बैलांस बाजूस ठेवून स्वतःच्या मानासाठीं हातघाईवर येतात, तेव्हां तोरणाखालीं उभा असलेला तो मुका पाहुणा काय म्हणत असेल?

सन २०२२ मध्यें आपल्या राज्यांत लंपी त्वचारोगाची साथ पसरली. चावणाऱ्या माशा, डांस, गोचीड यांच्या योगें तो रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून त्या वर्षीं व पुढच्याहि वर्षीं अनेक ठिकाणीं जनावरें एकत्र आणण्यास मनाई झाली. कित्येक गांवीं वेस सुनी राहिली व पोळा ज्याच्या त्याच्या गोठ्यापुढें झाला. पुष्कळांस तें फार लागलें, आणि तें साहजिकच होतें. पण जेथें घरच्या दारांत बैल धुतला, गोचीड वेंचले, घरधनिणीनें पायांवर पाणी घालून ओवाळलें व पुरणाचा घांस भरविला, तेथें सणाचें काय उणें पडलें? वाजंत्री नव्हतें, मानाचा तंटा नव्हता. बैल होता आणि त्याचा धनी होता. त्या दोन वर्षांनीं आपणांस एक गोष्ट शिकविली, ती ही कीं, मिरवणूक ही सणाची शोभा आहे, सणाचा प्राण नव्हे.

मानाविषयीं आणखी एक सांगावयाचें आहे. बैलाबरोबर त्यास सांभाळणारा गडी असतो. पोळ्यास त्याला नवें वस्त्र, बोजारा व पंक्तीस पहिलें पान देण्याची चाल आहे ती सोडूं नये. बैलास पुरण आणि गड्यास शिळी भाकर, असा पोळा जेथें होत असेल तेथें देव नैवेद्याकडे पाहणार नाहीं.

रोजची उपासना

गीतेच्या अठराव्या अध्यायांत स्वकर्मानेंच ईश्वराची पूजा करावी असें सांगितलें आहे. अरणच्या सावता माळ्यांनीं तें करून दाखविलें. मळ्यांतील भाजी व मोटेचें पाणी यांतच त्यांस विठ्ठल भेटला अशी वारकरी मंडळींची श्रद्धा आहे. एकनाथांनीं रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत रिती केली, ही कथा तर लहान मुलासहि ठाऊक आहे. तहानलेल्या जनावरास पाजलेलें पाणी देवास पोंचतें, हा आपल्या संतांचा अनुभव आहे. तो खरा मानला तर गोठा हेंच देवघर होतें, आणि पोळ्याचें मर्म पुढील साध्या नेमांत उतरतें.

सकाळीं स्वतः चहा घेण्यापूर्वीं बैलांस पाणी दाखवावें. जुंपण्यापूर्वीं व सोडल्यावर खांद्यावरून हात फिरवावा. हा हात म्हणजे रोजची खांदेमळणी. पराणीची आर काढून टाकावी. शिकविलेला बैल शब्दानें वळतो, आणि जो शब्दानें वळत नाहीं त्याच्या शिकवणुकींत आपलीच उणीव असते. वेसण घट्ट झाली कीं नाकांत जखम होते, म्हणून तिच्याकडे पोळ्यापुरतें न पाहतां महिन्यांतून एकदां पाहावें. शिंगांस रंग लावणें झालें तर तो कातड्यास व डोळ्यांस अपाय न करणारा असावा. पुरणाचा घांस प्रसादापुरताच द्यावा. प्रेमाच्या भरांत पुरण व धान्य भरमसाट चारल्यानें बैलांचीं पोटें बिघडतात. ज्या दिवशीं त्यानें काम केलें नाहीं त्या दिवशींहि त्याची वैरण तोडूं नये. हे नेम पाळण्यास ब्राह्मण लागत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं, पैसाहि फारसा लागत नाहीं; सवड मात्र लागते, आणि सवड हीच आपल्या काळांतली मोठी दक्षिणा आहे.

म्हातारा बैल

या उपासनेची खरी परीक्षा बैल म्हातारा झाला म्हणजे होते. दहा-बारा वर्षें ज्यानें ओढलें त्याचे दांत झिजतात, पाय अडखळतात, आणि धन्याच्या मनांत हिशेब सुरू होतो. चाऱ्याचा भाव, पाण्याचें दुर्भिक्ष, कर्जाचा हप्ता, हे सर्व खरें आहे. ज्याच्या लेंकरांस पोटभर मिळत नाहीं त्यास आम्ही उपदेश करणार नाहीं. तसें करणें हें ढोंग होईल. परंतु ज्यास कांहीं जमीन आहे, कडब्याची गंजी आहे, दारीं वाहन आहे, त्यानें दावणीची एक जागा म्हाताऱ्यासाठीं राखावी. बैलाचें शेण व मूत्र त्याच्या म्हातारपणींहि शेतास मिळतच असतें, म्हणजे तो अगदींच फुकट खात नाहीं. आणि फुकट खात असला तरी काय? आपलेहि वडील एके दिवशीं काम करण्याचें थांबतात. घरांतलीं मुलें गोठ्याकडे पाहून शिकत असतात, हें विसरूं नये.

ज्यांच्या दारीं बैल नाहीं

आतां शेवटचा प्रश्न. पुष्कळ वाचक म्हणतील, आमच्या घरीं बैलच उरला नाहीं. ट्रॅक्टर आला, दावण मोडली. हें खरें आहे. सन २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील गाई-बैलांची संख्या सुमारें १९ कोटी ३४ लाख भरली. त्यांत माद्या साडेचौदा कोटींच्या आसपास, म्हणजे नर पांच कोटींहूनहि कमी. त्यापूर्वींच्या २०१२ च्या गणनेंत हेच नर पावणेसात कोटींच्या आसपास होते. सात वर्षांत एवढी घट झाली. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जातिवंत जनावरांची काळजी वाटावी असेच हे आंकडे आहेत.

यंत्राचा आम्ही द्वेष करीत नाहीं. बैलाच्या मानेवरचें ओझें यंत्रानें उचललें असेल, तर पराशरांसहि त्यांत समाधान वाटलें असतें. पण दावण मोडली म्हणून ऋण फिटत नाहीं. ज्या जमिनीवर आज ट्रॅक्टर चालतो ती कोणी मोडून वहितीस आणिली? विहिरीचें पाणी मोटेनें कोणी वर ओढलें? आजोबांच्या काळचें कर्ज कोणाच्या खांद्यावर फिटलें? ज्यांच्या घरीं बैल नाहीं ते पोळ्यास मातीचे बैल करून पाटावर पूजितात, आणि विदर्भांत तान्ह्या पोळ्यास मुलें लांकडी बैल मिरवितात, तें याच ऋणाच्या स्मरणासाठीं. मातीचा बैल मातींतून येतो व मातींतच जातो. ज्या मातीस बैलानें वर्षानुवर्षें खत दिलें तीच त्याचें रूप धरून आपल्या पाटावर बसते. तेव्हां ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यानें मातीच्या बैलापुढें हात जोडतांना मनांत म्हणावें कीं, बैलाचें देणें आतां मी या मातीस देईन. तिला शेणखत देईन, तिची धूप होऊं देणार नाहीं, आणि माझ्या शेतांत राबणाऱ्या माणसाचा खांदा दुखतो कीं काय तें विचारीन. असें म्हटलें तर त्याच्या घरींहि पोळा झाला.

यंदां खांदेमळणीच्या सायंकाळीं हळदीची वाटी हातांत घ्याल तेव्हां दिवा जवळ घ्या, आणि हळद लावण्यापूर्वीं खांदा नीट पाहा. तेथें जखम नसेल तर तुमचें वर्ष देवाच्या सेवेंत गेलें असें समजा. जखम असेल तर तीवर हळद झांकून वेशींत जाऊं नका. जोड घरीं ठेवा, ऊन पाणी आणा, आणि पोळा गोठ्यांतच करा.